ड्रीमकास्टचा वारस : एका न घडलेल्या यंत्राची समीक्षा

प्रस्तावना

साहित्यकृती, चित्र, नाटक व चित्रपट यांच्या समीक्षेची परंपरा मराठीत दीर्घ आहे. यंत्राच्या समीक्षेची नाही. यंत्राचे परीक्षण होते, म्हणजे त्याची किंमत, वेग व टिकाऊपणा तपासला जातो. परंतु एखादे यंत्र माणसामाणसांतील संबंधांची कोणती कल्पना बरोबर घेऊन येते, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. व्हिडिओ गेमचा कन्सोल हे असा प्रश्न विचारावा असे यंत्र आहे. खेळ हा कलाप्रकार मानला, तर कन्सोल ही त्याची रंगभूमी ठरते. आणि रंगभूमीची रचना बदलली की नाटकही बदलते, हे आपल्या अभ्यासकांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

जपानमधील सेगा या कंपनीने २७ नोव्हेंबर १९९८ रोजी ‘ड्रीमकास्ट’ हा कन्सोल विक्रीस आणला. ३१ जानेवारी २००१ रोजी, म्हणजे अवघ्या सव्वादोन वर्षांत, त्याचे उत्पादन मार्चअखेर बंद करण्याची घोषणा झाली. तोपर्यंत आणि उरलेला साठा संपेपर्यंत जगभर सुमारे ९१ लाख यंत्रे विकली गेली. त्यानंतर सेगाने कन्सोलच्या निर्मितीतून अंग काढून घेतले व ती इतरांच्या यंत्रांसाठी खेळ तयार करणारी कंपनी झाली. ड्रीमकास्टचा वारस त्यामुळे कधी जन्मलाच नाही. मात्र तेव्हापासून आजवर चाहते, चित्रकार व हौशी अभियंते ‘ड्रीमकास्ट २’ची कल्पना पुनःपुन्हा रंगवीत आले आहेत. बंद पडलेल्या इतर अनेक कन्सोलांच्या वाट्याला इतका चिवट कल्पनाविलास आलेला नाही.

प्रस्तुत लेखात या कल्पित यंत्राचा समीक्षात्मक विचार केला आहे. वारसाची कल्पना ही मूळ यंत्रावरील टीकाच असते, आणि म्हणून तिचे मूल्यमापनही टीका म्हणूनच व्हावयास हवे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. ‘पुढे काय असावे’ असे सांगणारा प्रत्येक जण ‘मागे काय कमी होते’ याविषयी एक निवाडा देत असतो. ड्रीमकास्टच्या बाबतीत हे निवाडे बहुतांशी चुकीच्या उणिवेवर बोट ठेवतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वारस : पूर्वसूरीवरील टीका

वरील विधानाचा पुरावा ड्रीमकास्टच्याच जन्मकथेत सापडतो. त्याचा पूर्वसूरी म्हणजे नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आलेला ‘सॅटर्न’. त्यात हिताची कंपनीचे दोन एसएच-२ प्रोसेसर आणि त्यांच्या जोडीला अनेक साहाय्यक चिप होत्या. या सर्वांकडून एकाच वेळी काम करवून घेणे प्रोग्रामरांना जिकिरीचे होई. त्याच महिन्यात सेगाने अमेरिकेत आपल्या जुन्या मेगा ड्राइव्हवर (तेथील नाव जेनेसिस) बसविण्याचे ‘३२एक्स’ हे जोडयंत्रही विकावयास काढले. एकाच कंपनीचे दोन वारस एकमेकांसमोर उभे राहिले व कोणावर पैसे खर्च करावेत हे ग्राहकाला कळेनासे झाले. मे १९९५ मध्ये अमेरिकेतील प्रदर्शनात सेगाने सॅटर्न आजपासूनच काही निवडक दुकानांत ३९९ डॉलरला उपलब्ध असल्याचे अचानक जाहीर केले. ज्या दुकानदारांना वगळले गेले ते दुखावले. खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांची तयारी अपुरी राहिली. आणि त्याच प्रदर्शनात सोनीने आपल्या प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर असल्याचे सांगून टाकले.

ड्रीमकास्टची रचना या साऱ्या चुकांना दिलेले कलमवार उत्तर आहे. दोन प्रोसेसरांच्या जागी २०० मेगाहर्ट्झचा एकच एसएच-४ प्रोसेसर आला. चित्रांकनासाठी पॉवरव्हीआर मालिकेतील एकच सक्षम चिप घेतली गेली. मुख्य मेमरी १६ मेगाबाइट, चित्रांसाठी ८ आणि ध्वनीसाठी २ मेगाबाइट अशी सुटसुटीत विभागणी झाली. ज्यांना हवी असेल त्यांना मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीई या प्रणालीचा आधार घेण्याची मुभा होती. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ही तारीख आधीपासून गाजवून, १९९ डॉलर या किमतीत विक्री सुरू झाली व पहिल्या चोवीस तासांत २,२५,१३२ यंत्रे खपल्याचे कंपनीने जाहीर केले. खेळ व इतर साहित्य धरून त्या एका दिवसाची उलाढाल ९ कोटी ८४ लाख डॉलर होती.

असे असूनही यंत्र टिकले नाही. तांत्रिक चुका तंत्राने दुरुस्त झाल्या. परंतु ३२एक्स व सॅटर्न विकत घेऊन पस्तावलेल्या ग्राहकाचा गमावलेला विश्वास तंत्राने परत येण्यासारखा नव्हता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या प्रकाशकाने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. मार्च २००० मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन २ आला. तो डीव्हीडीही चालवीत असल्यामुळे घरात एका खर्चात दोन वस्तू येत. अमेरिकेतील व युरोपातील अनेक ग्राहकांनी ड्रीमकास्ट घेण्यापेक्षा त्याची वाट पाहणे पसंत केले. वारस हा पूर्वसूरीवरील टीका असतो हे जितके खरे, तितकेच ती टीका अपुरी असू शकते हेही खरे आहे. पुढील विवेचनात ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागेल.

पहिली कल्पना : शक्तीची

ड्रीमकास्ट २च्या कल्पनाचित्रांत सर्वाधिक आढळणारा प्रकार शक्तिवर्धनाचा आहे. अद्ययावत प्रोसेसर, भरपूर मेमरी, अतिस्पष्ट चित्र, वेगवान साठवण आणि पांढऱ्या पेटीवर ते परिचित वर्तुळाकार चिन्ह, एवढ्यात बहुतेक वेळा कल्पना पूर्ण होते. ड्रीमकास्ट दुबळा होता म्हणून हरला, हा निवाडा या चित्रात गृहीत धरलेला असतो.

हा निवाडा वस्तुस्थितीला धरून नाही. बाजारात आला तेव्हा ड्रीमकास्ट हा घरगुती कन्सोलांत सर्वांत सक्षम होता. नामको कंपनीचा ‘सोलकॅलिबर’ हा द्वंद्वयुद्धाचा खेळ १९९८ मध्ये पार्लरमधील यंत्रावर आला व १९९९ मध्ये ड्रीमकास्टवर. आणि घरातील आवृत्ती पार्लरमधील मूळ आवृत्तीपेक्षा देखणी निघाली. पार्लरमधील खेळाची फिकी नक्कल घरी मिळते, हा तोवरचा सर्वसाधारण अनुभव येथे उलटा झाला. प्लेस्टेशन २ची गणनशक्ती अधिक होती हे मान्य केले, तरी संगणकाच्या मॉनिटरला थेट जोडल्यावर ड्रीमकास्टचे चित्र जितके स्वच्छ दिसे, तितके त्या काळच्या टीव्हीवर दुसऱ्या कोणत्याही कन्सोलचे दिसत नसे. त्याच्या खऱ्या उणिवा निराळ्या होत्या. कंट्रोलरवर एकच अॅनालॉग दांडी होती, त्यामुळे चालणे व पाहणे ही दोन कामे स्वतंत्रपणे करता येत नसत. जीडी-रॉम या त्याच्या खास डिस्कवर सुमारे १ गिगाबाइट एवढेच मावत असे. डिस्क वाचताना यंत्र चांगलाच आवाज करी.

शक्तीच्या कल्पनेवरील दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. २०१३ आणि २०२० या दोन्ही पिढ्यांत सोनी व मायक्रोसॉफ्ट यांनी आपल्या मुख्य कन्सोलांसाठी एकाच कंपनीच्या, म्हणजे एएमडीच्या, चिप वापरल्या. शक्ती ही आता कोणालाही विकत मिळणारी वस्तू झाली आहे. अशा स्थितीत केवळ शक्तीने घडविलेल्या कल्पित यंत्राला एक साधी कसोटी लावता येते. त्यावरील चिन्ह पुसून दुसऱ्या कंपनीचे चिन्ह काढले तर काही बिघडते का, हे पाहावे. काहीच बिघडत नसेल, तर ते यंत्र ड्रीमकास्टचे वारस नव्हे. कल्पनाचित्रांपैकी फारच थोडी या कसोटीला उतरतात.

दुसरी कल्पना : स्मृतीची

दुसरा प्रकार जुन्या यंत्राची प्रतिमा जपणारा आहे. सेगाने स्वतः २०१९ मध्ये ‘मेगा ड्राइव्ह मिनी’ व २०२२ मध्ये त्याचा दुसरा भाग काढला. मूळ यंत्राचे लहान रूप व आत निवडक खेळ, अशी त्यांची रचना आहे. ड्रीमकास्टची पाळी तेव्हाही आली नाही, म्हणून चाहत्यांनी त्याची छोटी प्रतिकृती मनाशीच रचली.

जुन्या नावाला नवे शरीर देण्याचे जे प्रयत्न प्रत्यक्षात झाले, त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. ‘कोलेको शमेलियन’ या कन्सोलचा नमुना फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात मांडला गेला. त्या पेटीत दुसऱ्याच कंपनीच्या जुन्या कन्सोलचा बोर्ड बसविलेला असावा, असा संशय जाणकारांनी छायाचित्रांवरून व्यक्त केला. लवकरच कोलेको नावाच्या मालकांनी आपले नाव मागे घेतले व प्रकल्प संपला. ‘इंटेलिव्हिजन अमिको’ची घोषणा २०१८ मध्ये झाली, विक्रीची तारीख ऑक्टोबर २०२० ठरली, मग ती पुढे पुढे ढकलली गेली, कन्सोल बाजारात आलाच नाही आणि २०२४ मध्ये इंटेलिव्हिजन हे नाव अटारीने विकत घेतले. खुद्द अटारीचा नवा ‘व्हीसीएस’ २०२१ मध्ये खरोखर दुकानांत पोहोचला. तथापि लाकडी दर्शनी पट्टीमागे तो एक साधारण ताकदीचा संगणकच होता. १९७७ च्या मूळ व्हीसीएसने पार्लरमधील खेळ घराघरांत नेले. नव्याला असे कोणतेही नवे काम नव्हते.

या तिन्ही उदाहरणांत आकार, रंग, नाव व चिन्ह यांची आठवण ठेवलेली दिसते. यंत्राने जुळविलेल्या संबंधांची आठवण त्यांत दिसत नाही. ड्रीमकास्टच्या छोट्या प्रतिकृतीबाबत ही अडचण फार तीव्र होईल. वेगवेगळ्या देशांतील चार अनोळखी माणसांनी टेलिफोनवरून एकत्र येऊन खेळावयाचा ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ तिच्यात घातला, तर खेळाडू त्यात एकटाच फिरत राहील. तो वगळला, तर ड्रीमकास्टच्या संग्रहातील सर्वांत अर्थपूर्ण कृतींपैकी एक वगळली जाईल.

ड्रीमकास्टचे स्वतःचे म्हणणे

मग ड्रीमकास्टचे म्हणणे तरी कोणते होते? त्याचे सुटे भाग आणि त्यावरील कृती एकत्र वाचल्या की उत्तर हाती लागते.

पहिली गोष्ट मोडेमची. कन्सोलसोबतच मोडेम द्यावयाचा, हा निर्णय खर्चाच्या दृष्टीने अवघड होता. कंपनीचे तत्कालीन प्रमुख इसाओ ओकावा यांनी त्याचा आग्रह धरला. कन्सोल बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला त्या सुमारास त्यांनी आपली सेगाकडील येणी सोडून दिली आणि कोट्यवधी डॉलरचे आपले समभाग कंपनीला देऊन टाकले. मार्च २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. जपानमध्ये १९९९ च्या अखेरीस आलेला ‘चूचू रॉकेट’ व २००० च्या डिसेंबरात आलेला ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ ही या आग्रहाची फळे होत. दुसऱ्या खेळात तयार वाक्यांशांतून संदेश जुळविण्याची सोय होती व तो समोरच्याच्या यंत्रावर त्याच्या भाषेत उमटे. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश बोलणारे खेळाडू एकमेकांची भाषा न जाणता एका मोहिमेवर जात. शब्द मोजके होते, परंतु परक्या माणसाला ‘सांभाळ’ किंवा ‘आभारी आहे’ असे सांगता येत होते.

दुसरी गोष्ट कंट्रोलरमध्ये खोचावयाच्या व्हीएमयू या छोट्या मेमरी कार्डाची. त्यावर ४८ गुणिले ३२ ठिपक्यांचा पडदा होता. ते काढून खिशात टाकता येई, दोन कार्डे एकमेकांना जोडता येत. ‘सॉनिक अॅडव्हेंचर’मधील पाळीव जीव या कार्डात बसून बाहेर फिरावयास निघत. अमेरिकी फुटबॉलच्या खेळात दोघे मित्र एकाच टीव्हीसमोर बसलेले असताना प्रत्येकाला आपला डाव हातातल्या पडद्यावर गुपचूप निवडता येई. पत्ते खेळताना आपण आपली पाने छातीशी धरतो, तसाच हा प्रकार होता. समोरासमोरच्या खेळाला लागणारे खासगीपण यंत्राने ओळखले, याला महत्त्व आहे.

तिसरी गोष्ट पार्लरशी असलेल्या नात्याची. सेगाचा ‘नाओमी’ हा पार्लरमधील बोर्ड ड्रीमकास्टच्याच रचनेवर, अधिक मेमरी देऊन, उभारलेला होता. त्यामुळे ‘क्रेझी टॅक्सी’सारखे खेळ रस्त्यावरून घरात सहज येत.

कृतींकडे वळल्यावर हेच सूत्र पुढे जाते. यू सुझुकी यांचा ‘शेनमू’ २९ डिसेंबर १९९९ रोजी जपानमध्ये प्रकाशित झाला. १९८६ च्या अखेरीस योकोसुका शहरात वडिलांच्या मारेकऱ्याचा माग काढणारा तरुण हा त्याचा नायक. कथेचा सांगाडा सूडकथेचा असला, तरी खेळाचा बहुतेक वेळ शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारपूस करण्यात, बंदरावर फोर्कलिफ्ट चालवून रोजगार मिळविण्यात, दुकानाची वेळ होण्याची वाट पाहण्यात जातो. अनेकांना तो कंटाळवाणा वाटला व तो आक्षेप सर्वस्वी चूक नाही. तथापि गल्लीतील माणसांना आपापला दिनक्रम आहे, ती नायकासाठी थांबलेली नाहीत, ही जाणीव खेळाच्या माध्यमात इतक्या सविस्तरपणे तोवर क्वचितच आली होती. ‘जेट सेट रेडिओ’त (२००० मध्ये) तरुणांच्या टोळ्या शहराच्या भिंती रंगवितात व शहर कोणाचे असा प्रश्न उभा करतात. ‘सीमॅन’मध्ये मानवी चेहऱ्याचा मासा मायक्रोफोनवरून खेळाडूशी उर्मट संभाषण करतो व रोज विचारपूस न केल्यास मरतो.

मोडेम, खिशातले कार्ड, पार्लरचे नाते, शेजार, भिंत आणि संवाद यांत समान सूत्र आहे. घरातील टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला बाहेरच्या जगाशी जोडावे, असे हे यंत्र सातत्याने म्हणत होते. ते साधन म्हणून अपुरे होते. टेलिफोनचा जोड संथ होता, बोलण्याच्या वेळेनुसार बिल येई. परंतु म्हणणे स्पष्ट होते, आणि वारसाची परीक्षा त्याच म्हणण्यावर व्हावयास हवी.

विखुरलेला वारसा

या दृष्टीने पाहता ड्रीमकास्टची मालमत्ता अनेकांत वाटली गेलेली दिसते. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’ला अनेक जण त्याचा खरा वारस मानतात. ‘जेट सेट रेडिओ फ्यूचर’ व ‘पँझर ड्रॅगून ओर्टा’ हे सेगाचे खेळ त्यावर आले. त्याच्या कंट्रोलरवर मेमरी कार्डासाठी दोन खाचा होत्या. वर्षभराने त्याची ऑनलाइन सेवा सुरू झाली व टिकली. पण त्या खाचांतील कार्डांना पडदा नव्हता. खिशात जाणारा खेळ मधल्यामध्ये गळाला. हातातील खासगी पडद्याची कल्पना निंटेंडोच्या ‘वी यू’मध्ये २०१२ साली मोठ्या आकारात परतली, मात्र तो पडदा घरातल्या यंत्राशीच बांधलेला होता.

जाळ्याची कल्पना तर सर्वत्र जिंकली. आज प्रत्येक कन्सोल जाळ्याशी जोडलेला असतो. परंतु जिंकताना तिचा अर्थ पालटला. ड्रीमकास्टवर जाळे खेळाला माणसे मिळवून देत असे. आता पुष्कळदा ते खेळावर मालकाचा ताबा ठेवते. २०१४ मध्ये आलेल्या ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर युबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पैसे मोजून घेतलेली प्रत एकट्यालाही खेळता येईना. पुढे हौशी प्रोग्रामरांनी खटपट करून पर्यायी सर्व्हर उभा केला. या घटनेतून जी चळवळ उभी राहिली, तिच्या युरोपीय संघातील नागरी मागणीपत्रावर २०२५ मध्ये १० लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. विक्री थांबल्यावरही विकलेला खेळ चालू राहील अशी तजवीज कंपनीने करावी, एवढीच तिची मागणी आहे.

फटीतून मिळालेले आयुष्य

ड्रीमकास्टचे मरणोत्तर आयुष्य या पार्श्वभूमीवर विशेष लक्षणीय ठरते. संगीताच्या सीडीला जोडून काही दृश्य मजकूर दाखविता यावा म्हणून सेगाने ‘मिल-सीडी’ नावाची सोय यंत्रात ठेवली होती. २००० मध्ये तिच्यातूनच वाट काढून साध्या सीडीवर उतरविलेले खेळ यंत्रावर चालविता येऊ लागले. नक्कल फोफावली, सेगाने नंतरच्या यंत्रांतून ही सोय काढली. नकलेमुळे ड्रीमकास्ट बुडाला असे म्हटले जाते, पण प्लेस्टेशन व प्लेस्टेशन २ यांचीही नक्कल भरपूर झाली आणि ते बुडाले नाहीत. दुसरीकडे, याच फटीमुळे कंपनीच्या परवान्याविना आणि महागड्या साधनांविना यंत्रासाठी नवे खेळ लिहिणे शक्य झाले. ‘कॅलिस्टीओएस’ या मुक्त सॉफ्टवेअर-संचाच्या आधारे हौशी मंडळी आजही ड्रीमकास्टसाठी खेळ रचतात. टेलिफोनच्या लाइनचा भास निर्माण करणारा एक छोटा संगणक यंत्राच्या जुन्या मोडेमला जोडून ते पुन्हा जाळ्यावर आणले जाते आणि चाहत्यांनी चालविलेल्या सर्व्हरवर ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ खेळला जातो.

मालकाच्या इच्छेबाहेर यंत्राला पुढचे आयुष्य मिळते, ही गोष्ट मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्याच्या गावी टीव्हीला जोडून जो ‘व्हिडिओ गेम’ खेळला जाई, तो बहुधा निंटेंडोच्या १९८३ मधील फॅमिली कॉम्प्युटरची विनापरवाना नक्कल असे. लाखभर खेळांची ग्वाही देणाऱ्या, प्रत्यक्षात तेच ते काही खेळ फिरवून दाखविणाऱ्या पिवळ्या कॅसेट बाजारात मिळत. मूळ निर्मात्याचे नावही ठाऊक नसलेल्या एका पिढीला खेळ या माध्यमाची ओळख अशा बेवारस वारसांनी करून दिली. या व्यवहाराचे कायदेशीर समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि निर्माता जेथे पोहोचत नाही किंवा जेथून निघून जातो, तेथे वारस कोण ठरवितो, या प्रश्नाचे उत्तर या इतिहासातून मिळते. तो वापरणारे ठरवितात.

कल्पित वारसाचे निकष

उपरोक्त विवेचनावरून ड्रीमकास्टच्या वारसाचे काही निकष मांडता येतील. एक, जुन्या डिस्क त्यावर चालाव्यात; पूर्वसूरीला विसरणारा वारस सेगाने आधीही घडविला होता. दोन, त्यात समोरासमोर बसलेल्यांचे खासगीपण आणि दूरच्या अनोळखी माणसाची सोबत या दोहोंची सोय असावी. तीन, त्यासाठी खेळ लिहिण्याचा दरवाजा फट म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून उघडा असावा. चार, कंपनी निघून जाईल त्या दिवशी सर्व्हर चालविण्याची साधने खेळाडूंच्या व ग्रंथालयांच्या हाती जातील, असे वचन विक्रीच्याच वेळी दिलेले असावे.

पहिल्या तीन निकषांची पूर्तता अभियंता करू शकेल. चौथा त्याच्या हातचा नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, तेथे २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. असे खेळ ग्रंथालयांनी संशोधकांना दुरूनही वापरू द्यावेत, ही सवलत तेथील प्रताधिकार कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. आपल्याकडील १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा मिळाली आहे. पण ती ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तरच. ग्रंथ, हस्तलिखिते व नियतकालिके यांना ही तरतूद उपयोगी पडते. जन्मतःच डिजिटल असलेल्या खेळाची डिजिटल नसलेली प्रत असणार कोठून? कायद्याने जतनाची जी व्यवस्था केली, तिच्या बाहेरच हे माध्यम राहून गेले आहे.

या निकषांवर असा आक्षेप घेता येईल की, मरणानंतरची सोय आधीच करून ठेवणारे यंत्र कोणती कंपनी विकावयास काढील? आक्षेप व्यवहार्य आहे. नफ्याचे गणित पाहता सेगा असे यंत्र काढण्याची शक्यता नाही. परंतु ग्राहकाने ड्रीमकास्टकडे पाठ फिरविली ती तो दुबळा म्हणून नव्हे, तर कंपनी आपल्याला पुन्हा वाऱ्यावर सोडील या भीतीने. आणि ती भीती खरी ठरली. त्या भीतीचे उत्तर देणारी तरतूद ही यंत्राची उणीव नसून त्याच्या विक्रीचे कारण ठरू शकते. सॅटर्नवर केलेली टीका जेथे अपुरी पडली, तेथून ही टीका पुढे जाते.

समारोप

ड्रीमकास्ट २ची कल्पना बालिश ठरवून सोडून देण्याजोगी नाही. तिच्यामागे हरवलेल्या वस्तूविषयीची हळहळ आहे, तशीच आजच्या खेळांच्या व्यवस्थेविषयीची नापसंतीही आहे. मात्र शक्तीची कल्पना ही नापसंती चुकीच्या जागी व्यक्त करते आणि स्मृतीची कल्पना ती झाकून टाकते. ड्रीमकास्टने मांडलेला, माणसाला घराबाहेर जोडण्याचा विचार पूर्ण करावयाचा असेल, तर नव्या पेटीआधी मालकी, जतन व वापर यांचे नवे नियम कल्पावे लागतील.

मूळ यंत्रांना आता पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत. डिस्क वाचणारे भाग झिजत आहेत, घड्याळ चालविणारी आतली बॅटरी बहुतेक यंत्रांत निकामी झाली आहे आणि व्हीएमयूच्या बॅटऱ्या संपल्या की यंत्र सुरू करताना एक लांबट शीळ ऐकू येते. हाती असलेला काळ मर्यादित आहे. माहिती तंत्रज्ञान, विधी, ग्रंथालयशास्त्र आणि साहित्य या विभागांनी एकत्र येऊन या माध्यमाच्या जतनाचा विचार करणे हे महाविद्यालयीन स्तरावरही शक्य आहे. निदान प्रताधिकार कायद्यातील वर निर्देशिलेली त्रुटी दूर व्हावी, यासाठी अभ्यासकांनी आग्रह धरावा, अशी अपेक्षा येथे नोंदवावीशी वाटते.